मुक्ताबाई का थांबली नाही?

३१ मे आला की नशिराबादमधल्या माझ्या निम्म्या मित्रांच्या स्टेटसला अहिल्याबाई असतात. त्यांची मुलगी मुक्ताबाई कुणाच्याच स्टेटसला नसते.

१७५४मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. सासऱ्यांनी, मल्हाररावांनी विनवलं आणि त्या थांबल्या. पुढे मल्हारराव गेले, वर्षाच्या आत मुलगा मालेरावही गेला. १७६७पासून कारभार अहिल्याबाईंनी पाहिला. उरलं एकच अपत्य, मुक्ताबाई. पण लेक म्हणजे वारस नव्हे. फौज तुकोजी होळकरांकडे होती, आणि १७९५नंतर गादीही त्यांच्याकडेच गेली.

त्याआधीच, १७९१मध्ये मुक्ताबाई महेश्वरला सती गेली. मुलगा आधीच गेला होता, मग नवरा यशवंतराव फणसेही. आईने खूप विनवलं. ती थांबली नाही.

‘तो तिचा निर्णय होता’ असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते जमत नाही. मल्हाररावांच्या विनवणीमागे अख्खी दौलत होती: थांब, तुझी इथे गरज आहे. अहिल्याबाईंकडे लेकीला द्यायला काय होतं? माया. आणि साठी ओलांडलेल्या आईची माया पुरणार तरी किती वर्षं? देशभर घाट बांधणाऱ्या बाईला लेकीच्या हाती काही काम द्यावं असं सुचलं नाही का? की सुचूनही देता आलं नसतं?

गेल्या वर्षी माझ्या ताईने हक्कसोडपत्रावर सही केली. ‘स्वखुशीने’ हा शब्द कागदावर आधीच टाइप केलेला होता. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.