कुणाकडं आलाय?

सावकाश प्रवासाची बाजू घेणारे सगळे एकच मुद्दा पुढे करतात: हळू गेलं की जास्त दिसतं. मुद्दा खोटा नाही, पण अर्धाच आहे. माघ सरता सरता जेजुरीहून मोरगावला आणि तिथून खाली नीरेच्या खोऱ्यात, मोठे रस्ते टाळत मोटारसायकलनं गेलं की उरलेला अर्धा कळतो. ताशी तीस-पस्तीसनं जाणारा माणूस स्वतःही दिसतो. लोक त्याला हात करू शकतात, थांबवू शकतात. कोण, कुठला, इकडं कशाला, हे विचारू शकतात. महामार्गावर ऐंशीनं जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. विचारायचं मनात येईपर्यंत तो पुढच्या टोलनाक्यावर पोचलेला असतो.

हे दिवस या भटकंतीसाठी सगळ्यांत चांगले, यात मला शंका नाही. माघी गणेशाची मोरगावची गर्दी ओसरलेली असते, जेजुरीची माघी पौर्णिमा होऊन गेलेली असते आणि उन्हाळा अजून दाराशी आलेला नसतो. पहाटे पारा बारा-तेरावर असतो आणि दुपारी बत्तिशीच्या पुढं जातो. एकाच दिवसात दोन ऋतू अंगावर घ्यायचे. सकाळी निघताना स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी घालावी. जुनी युक्ती आहे, पण महागातल्या जाकिटापेक्षा वारा ती चांगला अडवते. नऊ वाजता घडी काढून डिकीत, दहा वाजता स्वेटर डिकीत, आणि अकरानंतर बाभळीची सावली कुठं आहे ते बघत जायचं.

मोटारीत बसणाऱ्याला हवामान एकच असतं, काचेच्या आतलं. दुचाकीवर मात्र दर फर्लांगाला हवा बदलते. उतारावरून ओढ्यात शिरलं की गुडघ्यांना गारठा लागतो, कारण रात्रीची थंड हवा जड होऊन खोलगट जागी साचून राहिलेली असते. चढ चढून पठारावर आलं की ती खालीच राहते. या बाजूला तर त्याहून मोठा बदल आहे, तो कालव्याचा. मोरगाव, सुपे हा जिरायती पट्टा. पावसाच्या सावलीतला, शाळूचा, करड्या मातीचा. या दिवसांत शाळू काढणीला आलेला असतो, हरभऱ्याचे वाळलेले घाटे वाऱ्यानं खुळखुळतात, बांधावरच्या पळसाला पान नसतं पण फूल आलेलं असतं. हवेला वास असलाच तर धुळीचा आणि वाळल्या कडब्याचा. तिथून दक्षिणेला सोमेश्वरनगर, वडगाव निंबाळकरच्या दिशेनं उतरत गेलं की एका ठिकाणी डोळे मिटले असते तरी कळलं असतं, अशी हवा एकदम ओली आणि गार होते. पाठोपाठ मळीचा आंबूस वास. कालवा आला. अलीकडं ज्वारी, पलीकडं ऊस, आणि मधे पाण्याची एक रेघ. ही रेघ कुणी, कधी आखली हे ठाऊक असलं की अंगावर आलेल्या त्या गारव्याला इतिहास चिकटतो. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ दख्खननं सोसला आणि पुढच्या दशकात भाटघरचं धरण व नीरेचा डावा कालवा ही कामं उभी राहिली. हेतू होता माणसांचं आणि धान्याचं रक्षण. पुढं विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी याच कालव्यासाठी ब्लॉक पद्धत आखली, म्हणजे पाणी थोड्यांच्या उसाला न जाता गावोगावी, पिकापिकांत वाटलं जावं. नंतर काय झालं ते दोन्ही बाजूंना उभं आहे. उसानं कालवा जिंकला आणि ज्वारी पठारावर गेली.

आता या गारठ्याबद्दल. मी तो हौसेनं अनुभवायला येतो. कालव्याच्या खालच्या अंगाला सकाळी सात-साडेसातला समोरून मोटारसायकली येतात. चालवणारा कानटोपीत, अंगावर दोन स्वेटर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, गळ्यात बॅटरी लटकलेली. हा रात्रभर दारं धरून घरी निघालेला माणूस असतो. शेतीपंपाची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की माघाच्या थंडीत मध्यरात्री उठून एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत फोडायचं. हात बर्फासारखे होतात, आणि अलीकडं त्यात बिबट्याचं भय, कारण वाढलेला ऊस त्याला रानासारखाच. त्याच्या आणि माझ्या गाडीत फरक नसतो. दोन्ही शंभर सीसीच्या, दोन्हींचे आरसे सैल. हिरो होंडानं १९८५ मध्ये चार स्ट्रोकची सीडी १०० आणली, त्यानंतर या जातीच्या गाड्या गावोगावी पोचल्या आणि मोटारसायकल हे शेतीचं अवजार झालं. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागं वैरणीचा भारा, पायाशी फवारणीचा पंप, आणि जागा उरली तर शाळेत जाणारं पोर. त्या सगळ्या वर्दळीत एकटाच, रिकाम्या कॅरिअरचा, कुठंही वेळेवर पोचायचं नसलेला मी. कुणी हात केला नाही तरच नवल.

मग प्रश्न येतो. पारावरून, हातपंपाजवळून, नाहीतर बांधावर वैरण कापता कापता मान वर करून.

‘‘पाव्हणं, कुणाकडं आलाय?’’

याला उत्तर लागतं. ‘‘सहज, फिरायला’’ हे उत्तर चालत नाही. उद्धटपणा वाटतो म्हणून नव्हे, तर ते कुणाला पटतच नाही म्हणून. या रस्त्यांवर कुणी सहज येत नाही. अनोळखी माणूस दुचाकीवर आला म्हणजे तो पतसंस्थेच्या वसुलीचा, महावितरणचा, विम्याचा, मोजणीचा, किंवा जमिनी दाखवत फिरणारा एजंट. ऊसपट्ट्यात आणखी एक शक्यता असते. एकदा एक आजोबा माझ्या गाडीला हात लावूनच उभे राहिले. ‘‘तुम्ही कारखान्याचं ना? आमच्या खोडव्याला टोळी कधी देताय? तुरं आलं त्याला.’’ मी चिटबॉय नाही, शेती खात्याचा नाही, कारखान्याशी माझा संबंध चहातल्या साखरेपुरता, हे सांगितलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नाही. तोड लांबली की वजन घटतं, टनामागं नुकसान होतं, आणि समोर एक धडधाकट माणूस काम नसताना पेट्रोल जाळत उभा आहे. त्यांचा राग मला रास्त वाटला. अखेर ‘‘मोरगावला दर्शन करून निघालोय, आडवाटेनं’’ म्हटल्यावर त्यांनी गाडी सोडली. देवाचं नाव घेतलं की भटकंतीला परवाना मिळतो. आपल्याकडं वाटेवर असण्याची मोकळीक पूर्वापार वारकऱ्याला, फकिराला, मेंढक्याला आणि पाहुण्याला होती. नुसतं हिंडणाऱ्यासाठी त्या यादीत रकाना नाही.

असा रकाना असावा, असं मला वाटतं. पण त्यासाठी भांडण करण्याआधी रस्ता कुणाचा, हे बघायला हवं. शहरातल्या माणसाला रस्ता सरकारचा वाटतो. १९४३ च्या नागपूर योजनेनं देशातल्या रस्त्यांची प्रतवारी लावली, राष्ट्रीय महामार्गापासून थेट ग्रामीण मार्गापर्यंत. २००० सालच्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनं त्या शेवटच्या पायरीवर डांबर ओतलं. मैलाच्या दगडाचं डोकं नारिंगी दिसलं की समजावं, आपण या पायरीवर आहोत. पण त्याच्याही खाली एक जग आहे, पाणंदीचं. गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेनं दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं, साडेसोळा ते एकवीस फूट. नकाशात. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या नांगरांनी दर वर्षी वीतभर वीतभर खाल्लेल्या पाणंदीत समोरून टायरगाडी आली तर मला दुचाकी बांधावर चढवावी लागते. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम ही नावं इथं वकिलांपेक्षा शेतकऱ्यांच्या तोंडी जास्त असतात. पहिल्यानं बांधावरून वाट मागायची, दुसऱ्यानं अडवलेली वाट मोकळी करून घ्यायची. तहसील कचेरीत रस्त्याच्या केसेस पडून असतात, आणि बऱ्याचदा अर्जदार आणि सामनेवाला यांचं आडनाव एकच असतं, आजोबाही एकच.

म्हणजे मी ज्या बोळकांडीतून ‘काय सुंदर रस्ता आहे’ म्हणत गुणगुणत जातो, तिच्यातली फूट-फूट जमीन कुणाच्या तरी पोटातून काढलेली असते. तिथं भर उन्हात कुणी मला उभं करून हिशेब विचारला, तर तो आगाऊपणा कसा म्हणायचा?

रस्त्यावरची मालकी सगळ्यांत उघडपणे दिसते ती काढणीच्या दिवसांत. पठारावर एका वळणानंतर अर्धा रस्ता करडईनं झाकलेला होता. खळी गेली, तेव्हापासून डांबरी सडक हेच खळं. पीक पसरायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या चाकांकडून मळून घ्यायचं. मोटारवाले वैतागून हॉर्न वाजवतात, पण त्यांची चाकं कामाला येतात. माझी अडचण निराळी. वाळलेल्या ताटांवर दुचाकीचं चाक तेल सांडल्यासारखं सटकतं, ब्रेक लावला की आडवाच. मी क्लच दाबून, दोन्ही पाय जमिनीला लावत, बदकासारखा कडेकडेनं निघालो. सूप घेऊन बसलेल्या मावशी बघत होत्या. ‘‘मदनं जा की,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेवढंच मळून हुईल.’’ मी मधून गेलो. मग त्यांनी खुणेनंच परत यायला सांगितलं म्हणून वळून पुन्हा एकदा गेलो. करडईचे काटे पोटरीला टोचत होते, चाकाखाली बोंडं कडाकड फुटत होती आणि माझ्या निरुद्योगी फेरीला त्या सकाळी पहिल्यांदा काहीतरी काम लागलं होतं. मजुरी म्हणून मूठभर ओला हरभरा मिळाला. उशिरा पेरलेला असणार, कारण बाकी सगळीकडं तो वाळून गेला होता.

रविवारी याच भागात पुण्याकडून मोठ्या गाड्यांचे जथे येतात. हेल्मेटवर कॅमेरा, गुडघ्यांना ढोपरपट्ट्या, एकामागं एक दहा-बारा जण. त्यांना हसायची आपल्याकडं सोय आहे, ती मी करत नाही. हेल्मेट घालतात, एकमेकांची काळजी घेतात, ते चांगलंच. माझी तक्रार एवढीच, की ते थवा करून येतात. थव्याला कुणी ‘कुणाकडं आलाय’ म्हणून विचारत नाही. दहा जण एकत्र असले की ते एकमेकांकडंच आलेले असतात. चहाच्या टपरीवर उतरतात, चहा पितात, पैसे देतात, आणि टपरीवाल्याशी त्यांचं बोलणं ‘किती झाले’ इथं सुरू होऊन तिथंच संपतं.

एकट्यानं, हळू आणि साध्या गाडीवर जाणारा मात्र सापडतो. एकदा सापडला की त्याला ऐकून घ्यावं लागतं, पाण्याची पाळी, दुधाचा भाव, पोराला मुलगी मिळत नाही ते. हे ऐकून मी काही करू शकत नाही आणि सांगणाऱ्यालाही तशी अपेक्षा नसते. तरी परत येताना, दारं धरून आलेल्या त्या माणसाच्या चिखलानं माखलेल्या पायांमुळं, माघातली थंडी मला नुसती गुलाबी म्हणता येत नाही. हा तोटा मी मान्य करतो.

शेवटी रस्त्याच्या दर्जाचं. माझ्यासारख्या रमतगमत जाणाऱ्याला खराब, अरुंद, वळणाचा रस्ता बरा असतो. रुंद झाला, काँक्रीट पडलं की वेग येतो, वेग आला की विचारपूस संपते. पण ज्या वाडीतून बाळंतिणीला रात्री तालुक्याला न्यायचं आहे, तिथं उभं राहून अरुंद रस्त्याचं कौतुक करायला मोठी बेशरमी लागेल. मतदान घेतलं तर माझं मत काँक्रीटलाच. आणि आडवाटा संपतील ही काळजी, निदान ऊसपट्ट्यात तरी, मी करत नाही. नव्या कोऱ्या ग्रामीण मार्गावर हंगामभर वीस-वीस टन उसाच्या डबल ट्रॉल्या फिरल्या, की दुसऱ्या पावसाळ्यानंतर ठेकेदार, कारखाना आणि जिल्हा परिषद एकमेकांकडं बोट दाखवत असतात आणि सगळी वाहनं पुन्हा ताशी पंचवीसवर आलेली असतात.