गुंता, कंगवा आणि लेकराचे डोळे



रविवारी सकाळी मिस्सेच्या आधी चर्चच्या आवारात उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. पाच-सहा वर्षांची मुलगी, अंगात धुतलेला फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि रडून सुजलेले डोळे. काय झाले म्हणून विचारावे तर आई हसून सांगते, "काही नाही बाई, केस विंचरताना रडली." विषय तिथेच संपतो. मी शाळेत शिकवत होते तेव्हाही असे डोळे रोज वर्गात बघत होते, आणि माझ्या स्वतःच्या मुलीचे डोळेही तसेच होते. तिला गुडघ्यांच्या मध्ये दाबून बसवायचे, एका हाताने मान पुढे ढकलायची आणि मुळापासून कंगवा ओढायचा. ती ओरडली की "गप बस, तुझ्याच भल्यासाठी आहे" हे वाक्य ठरलेले. त्या वाक्यात काही चूक आहे असे मला कधी वाटलेच नाही.

वाटले ते अलीकडे, आणि तेही एका गोधडीमुळे. उन्हाळ्यात जुनी लुगडी जोडून गोधडी शिवत बसले होते. दोऱ्याचा गुंता झाला. मी चष्मा पुसला, सुई बाजूला टोचून ठेवली आणि एक एक पदर सैल करत बसले. चांगली दहा-बारा मिनिटे गेली असतील. नात शेजारी बसून बघत होती. "आजी, तू हे इतकं हळू का करतीस?" मी म्हणाले, "ओढलं तर तुटंल ना." ती काही बोलली नाही, खेळायला निघून गेली. माझा हात मात्र तिथेच थांबला, कारण त्याच दिवशी सकाळी तिच्या केसांना मी दोन मिनिटेसुद्धा दिली नव्हती. दोरा तुटतो, म्हणून आपण त्याला जपतो. लेकरू काही तुटत नाही. रडते आणि गप्प होते.

लेकराला दुखवायचेच नाही, असे मी म्हणत नाही. बाभळीचा काटा पायात मोडला तर तो सुईने काढावाच लागतो. दवाखान्यात डोस द्यायचा तर सुई टोचणारच. ते दुखणे टाळता येत नाही, आणि त्याचा फायदा लेकरालाच होतो. केस विंचरताना होणारे दुखणे मात्र बहुतेक वेळा टाळता येते. टळत नाही ते आपल्या घाईमुळे. घाई आपली आणि नाव "तुझे भले" असे, हा हिशेब मला आता पटत नाही. एक साधी परीक्षा करून पाहावी. जावेचे किंवा नणंदेचे केस विंचरायला घेतले तर आपण असे ओढू का? मुळीच नाही. ती लगेच हात धरील आणि चार शब्दही ऐकवील. लेकराला तसे ऐकवता येत नाही, एवढाच काय तो फरक.

आता थोडे केसांविषयी, कारण इथे नुसत्या चांगल्या मनाने भागत नाही, हातालाही माहिती लागते. केसाच्या बाहेरून सूक्ष्म खवले असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले आणि टोकाकडे तोंड केलेले. धूळ, घाम, उशीवरचे घासणे यांनी ते उचलले जातात आणि एक केस दुसऱ्यात अडकतो. आपल्या जवळा बाजारात धुळीला तोटा नाही. त्यात ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, त्यांच्याकडे साबणाला धड फेस येत नाही आणि केस धुतल्यावर दोऱ्यासारखे राठ होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात खेळून आलेल्या पोरींच्या डोक्यात तर काडी-कचऱ्यासकट सगळे सापडते.

अशा केसांत मुळापासून कंगवा घातला की मधल्या सगळ्या लहान गाठी खाली ढकलल्या जाऊन त्यांची एकच मोठी, घट्ट गाठ होते. मग आपण म्हणतो, हिचे केसच वाईट! सुरुवात टोकापासून करावी. शेवटची चार बोटे मोकळी झाली की थोडे वर, मग आणखी थोडे वर. गाठीच्या वर, डोक्याच्या बाजूला, बट मुठीत घट्ट धरावी, म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याच्या कातडीला बसत नाही. या एका गोष्टीने निम्मे रडणे थांबते, हे मी स्वतः पाहिले आहे. गाठीला खोबरेल तेलाचे बोट लावून आधी बोटांनीच तिचे पदर सैल करावेत. कंगवा मोठ्या दातांचा घ्यावा. उवा-लिखांसाठीची बारीक फणी अगदी शेवटी, सगळा गुंता सुटल्यावर. ओला केस रबरासारखा ताणला जाऊन तुटतो, म्हणून सरळ केस थोडे वाळू द्यावेत. कुरळे केस मात्र ओलसर आणि तेलकट असतानाच सुटतात, वाळले की हट्टाला पेटतात. रात्री निजताना सैल वेणी घातली तर सकाळचे अर्धे काम आधीच झालेले असते. लहान मुलांच्या शाम्पूच्या बाटलीवर अश्रू येणार नाहीत असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ फेस डोळ्यांत गेला तरी चुरचुरणार नाही एवढाच आहे. कंगव्याची हमी कोणतीही बाटली देत नाही.

हे सगळे मी सांगते आहे खरे, पण मी निवृत्त बाई आहे. मला वेळ आहे. जी पहाटे उठून पाणी भरते, भाकरी थापते, डबे बांधते आणि दिवस वर यायच्या आत खुरपणीला निघते, तिला "धीर धरावा" म्हणून सांगणे फार स्वस्त आहे. तिच्याकडे लेकराच्या डोक्यासाठी खरोखरच तीन मिनिटे उरतात. म्हणून रडणाऱ्या मुलीचा दोष एकट्या आईच्या पदरात टाकायला मी तयार नाही. त्या घरात आणखी दोन हात असतात आणि ते कंगव्याला कधी लागत नाहीत. का लागू नयेत? पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाचा खांदा हळद-लोणी लावून किती हलक्या हाताने चोळतात आपले पुरुष! बैलाने नुसती कातडी थरथरवली तरी त्यांचा हात थांबतो. ज्याला जनावराचे दुखणे बोटांनी कळते, त्याला लेकीच्या वेणीतली गाठ कळणार नाही, यावर माझा विश्वास नाही.

"थोडं रडली तर काय झालं, सवय होते," असे म्हणणारेही आहेत. सवय होते, हे खरेच आहे. पण कशाची? जे माणूस आपल्यावर प्रेम करते त्याने दुखवले तर हलायचे नाही, ओरडायचे नाही, गप्प बसायचे, याची. ही शिकवण मुलींना आपण रोज सकाळी शाळेच्या आधी देतो. पुढे तीच मुलगी सासरी निमूट सोसते तेव्हा आपण तिला समजूतदार म्हणतो, आणि गोष्ट हाताबाहेर गेली की विचारतो, "आधी का नाही बोललीस?"

उलट बाजूचीही चूक असते, ती विसरू नये. दुखते म्हणून गुंत्याला हातच लावायचा नाही, ही दया नव्हे. न विंचरलेला गुंता वाढत जाऊन त्याची जट होते. धूळ, तेल, घाम आणि केस यांचा तो नमदा असतो, दुसरे काही नाही. पण आपल्या महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात, मुलीच्या डोक्यात जट आली की सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीने तिला बोलावले, असे पिढ्यान् पिढ्या मानले गेले. कितीतरी मुली त्या एका गुंत्यापायी देवाला सोडल्या गेल्या. २००९ सालच्या 'जोगवा' चित्रपटाची कथाही मुलीच्या केसांतल्या जटेपासूनच सुरू होते. जटेच्या ओझ्याने मान दुखते, आत उवा होतात, वास येतो, नीट झोप लागत नाही, तरी भीतीमुळे घरात कोणी हात लावत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या भीतीविरुद्ध वर्षानुवर्षे काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, तरी काम थांबले नाही. समितीच्या नंदिनी जाधव पूर्वी ब्युटी पार्लर चालवीत. त्यांनी आजवर दोनशेहून जास्त बायका-मुलींच्या जटा सोडवल्या आहेत. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट कात्री नव्हे. कात्रीला काही मिनिटे पुरतात. त्याआधी त्या बाईशी आणि तिच्या घरच्यांशी पुन्हा पुन्हा बोलावे लागते, आणि तिने स्वतः "काढा" म्हटल्यावरच कात्री लागते.

कात्रीचा सोपा मार्ग आपल्यालाही फार आवडतो. वसतिगृहात मुली जास्त, हात कमी, उवांचा त्रास, म्हणून सरसकट बॉबकट. यात अडचण खरी असते, हे मान्य. पण एखाद्या मुलीला आपले केस प्राणापेक्षा प्रिय असतात, आणि तिला कोणी विचारतसुद्धा नाही. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना निवासी शाळांत आणले की आल्याआल्या त्यांचे लांब केस कापले जात. त्या मुलांच्या घरी लांब केसांना मान होता. यातल्या बऱ्याच शाळा आपल्याच चर्चच्या संस्था चालवीत होत्या, आणि कापणाऱ्यांना ते मुलांच्या भल्याचे वाटत होते. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात मास्क्वासिस येथे जाऊन या शाळांत घडलेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. तिथे केसांपेक्षा कितीतरी मोठे अन्याय झाले, हे मला माहीत आहे. पण पोहोचल्या दिवशी मुलांना पहिली भेटली ती कात्रीच.

आमच्या घरी आता शनिवारी रात्री केस सोडवायचे ठरले आहे, म्हणजे रविवारी धावपळ नको. काम माझ्या मुलाकडे आहे. पहिल्या दिवशी तो फारच घाबरला होता, कंगवा कसा धरायचा इथपासून सुरुवात. नातीने एक नियम घातला: मी "थांब" म्हटले की थांबायचे. परवा तिने त्याला तीन वेळा थांबवले. दोनदा खरेच दुखले होते. तिसऱ्यांदा कंगवा गाठीपाशी गेलाही नव्हता. मी विचारले, "आता काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही. बाबा थांबतात का ते बघत होते."

तो थांबला होता.