मधली इंग्रजी

दवाखान्यातला फोन वाजतो. पलीकडचा पेशंट आपला नंबर सांगू लागतो. जर्मन माणसं नंबर बऱ्याचदा दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. 'फीअर-उंड-फ्युन्फ्त्सिश' असं कानावर पडतं आणि श्टुटगार्टला येऊन महिनाच झालेली मराठी नर्स कागदावर ४५ लिहिते. आकडा असतो ५४. चार आधी ऐकू आला म्हणून चार आधी लिहिला गेला. बी-टू पातळीची परीक्षा पास झालेली, विभक्त्या पाठ, तरी नंबर पुन्हा विचारायची वेळ येते.

ही चूक तिच्या मराठीची नाही. मराठीत ५४ म्हणजे चोपन्न: आधी चार, मग पन्नास. जर्मन शब्दाचीही घडण तीच, 'चार आणि पन्नास'. चार ऐकायचा आणि पाच आधी लिहायचा ही कसरत मराठी शाळेत गेलेलं प्रत्येक मूल करतं. पण पुढे आयुष्यभर नंबर इंग्रजीत सांगायची सवय लागली, आणि 'फिफ्टी-फोर' मध्ये येऊन उभं राहिलं. जर्मन शिकतानाही ते तिथून हललं नाही.

आपल्याकडे या उलट्या क्रमावरून बराच वाद झालेला आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गंमत म्हणजे जर्मनीतही 'त्स्वान्त्सिश-आइन्स' नावाची एक संस्था आहे. नावाचा शब्दशः अर्थ 'वीस-एक', आणि तिची मागणीही तीच. दोन देश, दोन भाषा, मुलांची अडचण एक. पण पुण्याच्या जर्मनच्या वर्गात हा धडा येतो तेव्हा 'हे फार विचित्र आहे, उलटं आहे' असंच बहुतेकदा सांगितलं जातं. उलटं कोणाच्या दृष्टीने? इंग्रजीच्या.

हा प्रश्न आता थोड्या हौशी विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, अशा कामांसाठी गावोगावची मुलं-मुली जर्मन शिकू लागली. नवऱ्यामागे किंवा बायकोमागे जाणाऱ्यांनाही, काही अपवाद सोडले तर, २००७ पासून जर्मनची ए-वन पातळीची परीक्षा द्यावी लागते. यातली कितीतरी मुलं मराठी माध्यमातली. इंग्रजीतच ती अडखळत असतात, आणि जर्मन त्यांना शिकवलं जातं इंग्रजीतून. नदी ओलांडायला आधी दुसरी नदी पोहून जा, असं सांगण्यासारखं आहे हे. वर्गात तमिळ, मल्याळी, हिंदी विद्यार्थी असतात, शिक्षकांना सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं, ही अडचण खरी आहे. पण फक्त मराठी मुलांचे वर्गही भरतात, आणि तिथेही फळ्यावर 'द' आणि 'इट' असतं.

जर्मन नामांची तीन लिंगं हा सगळ्यात बदनाम भाग. मार्क ट्वेनने १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात त्यांची यथेच्छ टवाळी केली. तो इंग्रजी बोलणारा माणूस होता, त्याला निर्जीव वस्तूंना लिंग असण्याचीच सवय नव्हती. पण 'तो चमचा, ती वाटी, ते ताट' म्हणत वाढलेल्या माणसाने ट्वेनचा वैताग उसना का घ्यावा? 'देर, दी, दास' म्हणजे आपले तो, ती, ते. हिंदीवाल्याकडे दोनच लिंगं, इंग्रजीकडे नामांना एकही नाही. मराठी, कोकणी आणि गुजराती बोलणाऱ्यांकडे ही तिघंही घरचीच.

त्यातही नपुंसकलिंगाची ओळख विलक्षण जवळची आहे. 'दास किंड' म्हणजे ते मूल. 'दास हाउस' म्हणजे ते घर. 'दास बूख' म्हणजे ते पुस्तक. जर्मनमध्ये शब्दाला 'शेन' जोडून लहानपणा, लाडकेपणा आणला की तो शब्द नपुंसकलिंगी होतो, म्हणूनच मुलगी, 'मेडशेन', तिथे 'ते' आहे. इंग्रजी पुस्तकं याला अपवाद, विक्षिप्तपणा म्हणून दाखवतात. मराठी माणसाला लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू आठवून पाहायला सांगावं. आईच्या तोंडचं 'कुठं गेलं माझं लेकरू' आठवलं की त्याला नियम समजावून सांगायची गरज उरत नाही.

अर्थात मराठी दर वेळी वाट दाखवीलच असं नाही. आपला सूर्य 'तो', त्यांची 'झोने' ती. आपली खिडकी 'ती', त्यांचं 'फेन्स्टर' ते. प्रत्येक नाम त्याच्या 'देर-दी-दास'सकट पाठ करण्यावाचून सुटका नाही. पण लिंग ही गोष्टच परकी वाटणं वेगळं, आणि कोणत्या नामाचं कोणतं लिंग हे लक्षात ठेवणं वेगळं. पहिला डोंगर मराठी माणसाने जन्मतःच चढलेला असतो.

घड्याळाचंही तसंच. 'हाल्ब त्सेन' म्हणजे शब्दशः अर्धे दहा, म्हणजे साडेनऊ. इथे आपलं 'साडे' उपयोगी पडत नाही, कारण आपण नऊला धरून बोलतो आणि ते दहाकडे बघून. पण श्टुटगार्टच्या श्वाबियन भागातली म्हातारी माणसं 'द्रायफिअर्टेल त्सेन' म्हणतात, पाऊण दहा. हे ऐकून हॅनोव्हरकडचा जर्मन माणूसही गोंधळात पडू शकतो. मराठी माणसाला मात्र लगेच ओळख पटावी, कारण तो पावणेदहा म्हणतो: येणाऱ्या दहाच्या नावाने.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि त्यांनी आपला प्रबंध जर्मन भाषेत लिहिला. आज तिथे इंग्रजीतून पदवी मिळते, इंग्रजीतून नोकरी करता येते. सोय मोठी आहे, आणि भाषा शिकणाऱ्याची दुसरी अडचण तिथेच सुरू होते. नवा माणूस बेकरीत मनातल्या मनात वाक्य जुळवून उभा राहतो, एका प्रत्ययावर अडतो, आणि काउंटरमागची मुलगी आपुलकीने इंग्रजीत विचारते. तिचा हेतू चांगलाच असतो. पण असं दिवसातून चारदा झालं की वाक्य जुळवणंच थांबतं. देशात दहा वर्षं राहूनही जर्मन न येणारे लोक आळशीच असतात असं नाही. अनेकदा त्यांना कोणी अडखळू दिलेलं नसतं.

जर्मनीतल्या इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे साधारण ६०० तास असतात. ते हवेतच. पण अडखळायला जागा मिळते ती जिन्यात. श्वाबियन भागात 'केअरवोखे'ची पद्धत आहे: इमारतीचा जिना आणि दारापुढची जागा झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घराकडे येते, आणि पाळी ज्याची त्याच्या दारावर पाटी लटकते. मराठी जोडप्याच्या दारावर ती पहिल्यांदा दिसते तेव्हा अपमान वाटतो. नंतर कळतं की ती सगळ्यांच्याच दारावर फिरते. वरच्या मजल्यावरच्या आजींना इंग्रजी येत नाही आणि घाईही नसते. बादली खाली ठेवून त्या बोलतात, वाक्य पुरं होईपर्यंत थांबतात, चुकलं तर दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावतात. तळघराचा जिनाही यातच येतो का, हे त्यांनाच विचारावं लागतं.

आणि तिथेच कधीतरी 'डॉख' भेटतो. नकारार्थी प्रश्नाला ठाम होकार देणारा हा दोन व्यंजनांचा शब्द. इंग्रजीत त्याला धड प्रतिशब्द नाही, म्हणून पुस्तकात त्याच्यावर अर्धं पान खर्ची पडतं. मराठीत तो एका अक्षरात आहे. 'तू येत नाहीस?' 'येतो की!' हा 'की' म्हणजे 'डॉख'.

आजी तळघराकडे बोट दाखवून विचारतात, खालचं झाडलं नाहीत वाटतं? हातात ओला झाडू घेतलेली ती मराठी बाई 'झाडलं की' असं मनात म्हणते आणि त्याच दमात तोंडाने म्हणते, 'डॉख!' मध्ये 'येस, आय डिड' येत नाही. आजी मान डोलावतात आणि बादली उचलून वर जातात.