फणा आणि जोडे



ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या राजचिन्हावर नाग आहेत. निद्रिस्त पूर्वजावर नागाने फणा धरला, अशी त्यामागील दंतकथा. दुसरी कथा सर जॉन माल्कम यांनी नमूद केली आहे. राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळीत. एकदा धनी बाहेर येईतो त्यांना झोप लागली. जोडे मात्र उराशी घट्ट धरलेले होते. तेथूनच त्यांचा उत्कर्ष झाला म्हणतात. तरी चिन्हावर नाग आला, जोडे आले नाहीत. हे असत्य काय? मला वाटते, असत्य नव्हे. पण अर्धे सत्य खचित.

पवित्र शास्त्रातही घराण्यांची निशाणे आहेत. गणना 2:2 मध्ये त्यांसाठी असलेला ‘ओथ’ हा इब्री शब्दच उत्पत्ती 4:15 मध्ये काइनाच्या खुणेसाठी आला आहे. (भाषांतरकाराला तेथे दोन निराळे शब्द योजावे लागतात.) एकाच शब्दात कुळाचा मान आहे, आणि खुन्याला मिळालेले अभयही.

येथे भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये आम्हीही दारावर क्रूस लावतो. रोमी राज्यात ती गुलामांची शिक्षा होती. आपल्या पणजोबांनी कोणाचे जोडे उचलले, हे आपण मुलांना सांगतो काय?