हाताचा उजेड, पायाचा उजेड

दुधनीच्या बाजार समितीत तुरीची आवक वाढली की अंधार पडला तरी माल उतरतच असतो. मध्येच लाईट गेली तर फार कुणाचं अडत नाही. खिशातला मोबाईल निघतो, टॉर्च लागतो आणि पावती लिहून होते, नोटा मोजून होतात, उडालेला फ्यूज बसतो. हाताच्या अंतरावरचं बहुतेक काम या उजेडात बिनघोर करावं.

हा चिमुकला दिवा म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या रसायनाचा थर. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या उजेडात लाल छटा जरा कमीच उतरते. त्यामुळे मूठभर तूर तळहातावर घेऊन तिचा रंग आणि डाग पारखायचे असतील, तर सकाळची वाट पाहिलेली बरी. भाव शेवटी त्याच रंगावर ठरतो.

खरी गफलत होते ती हाताचा उजेड पायासाठी वापरताना. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. एका पावलावर जेवढा पडतो, त्याचा शंभरावा हिस्सा दहाव्या पावलावर उरतो. जुन्या बॅटरीत बल्बमागे चकचकीत वाटी असायची. ती उजेड गोळा करून झोत लांब फेकायची. मोबाईलचा उजेड चहूकडे पसरतो आणि चार पावलांत विरतो.

दुधनीच्या शिवारात याची किंमत रात्री कळते. शेतीपंपाची वीज पाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली की मोटर चालू करायला, दारं धरायला रात्रीच जावं लागतं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाईल. तोही छातीशी धरलेला. उजेड नजरेच्या जवळून निघाला की समोरच्या वस्तूची सावली तिच्यामागेच दडते. बांध सपाट वाटतो, खड्डा दिसत नाही. तुरीच्या वाळल्या पाल्यात वेटोळं घालून बसलेली घोणस तर पाल्यातच मिसळून जाते. तोच दिवा गुडघ्याच्या खाली धरला तर प्रत्येक ढेकळाची सावली लांब पडते आणि वाट वाचता येते. उजेड तेवढाच, फक्त धरायची जागा बदललेली.

डोळ्यांचंही तसंच. अंधाराला नीट सरावायला त्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. वाटेत एकदा मोबाईलच्या पडद्यावर नजर टाकली की ती कमाई गेली. आणि उजेड पाहून साप बाजूला होईल, या भरवशावर तर मुळीच राहू नये. त्याला जमिनीची थरथर कळते. म्हणून काठी आपटत, पायात बूट घालून चालायची जुनी रीत आजही खरी.

एवढं करूनही दंश झालाच, तर पहिली गरज लागते ती 108 वर फोन करायची. माणसाला चालू द्यायचं नाही, वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. नेमक्या त्या घडीला दोन तास टॉर्च जाळून मोबाईल बंद पडलेला असेल तर? वाट दाखवण्यात ज्याचं चार्जिंग संपलं, तो मदत बोलावू शकत नाही. एकाच वस्तूवर सगळी कामं टाकली की ती संपली तेव्हा सगळंच संपतं. सोय हाताशी आहे म्हणजे तयारी झाली, असं आपण नकळत धरून चालतो.

म्हणून दाराशी एक स्वतंत्र बॅटरी असावी, डोक्याला बांधायची असली तर उत्तमच. दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाईल खिशात राहू द्यावा, बोलण्यासाठी. पण सगळा दोष शेतकऱ्याच्या हातातल्या दिव्याला देऊन चालणार नाही. मध्यरात्री शिवारात उभं राहणं ही त्याची हौस नव्हे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिचं मोजमाप किती मेगावॅट उभे राहिले यावर होईलच. पण दुधनीसारख्या गावात ते दुसऱ्याही एका गोष्टीवर व्हावं: पाणी द्यायला रात्री बाहेर पडणारी माणसं किती कमी झाली?