पुरावा कोणाच्या हाती

2020 साली सुरतच्या दहावीतल्या दोन विद्यार्थिनींनी एक लघुग्रह हेरला. 'एचएलव्ही2514' अशी त्याची नोंद झाली. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे त्यांच्यापर्यंत इंटरनेटवरून आली होती. ती एकापाठोपाठ एक पाहताना स्थिर ताऱ्यांमधून सरकणारा ठिपका त्यांनी टिपला. हे ज्ञान त्यांना कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने, झाले? प्रत्यक्ष म्हणावे, तर डोळ्यांसमोर आकाश नव्हते. शब्दप्रमाण म्हणावे, तर तिथे काही आहे असे कोणी सांगितलेले नव्हते. ते अनुमान होते, आणि तेही फार जुन्या जातीचे. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या आपल्या न्यायभाष्यात हाच दाखला दिला आहे: एका ठिकाणी दिसलेली वस्तू दुसरीकडे दिसते ती गतीमुळे, सूर्यही जागा बदलतो, म्हणून त्याची न दिसणारी गती मानावी. (तो निष्कर्ष पुढे बदलावा लागला. अनुमान दुरुस्त होऊ शकते, हेच त्याचे बळ.)

इंटरनेटने अवकाश जवळ आणले म्हणताना 23 ऑगस्ट 2023ची संध्याकाळ आठवते. चंद्रयान-3 उतरताना इस्रोचे यूट्यूब प्रक्षेपण एकाच वेळी 80 लाखांवर लोक पाहत होते. तो आनंद निखळ होता, पण ते दर्शन होते. इस्रोने सांगितले, आपण मानले. त्याहून मोठी गोष्ट 2019 साली घडली. चंद्रावर कोसळलेल्या इस्रोच्या विक्रम लँडरचा अवशेष चेन्नईच्या एका अभियंत्याने नासाच्या खुल्या छायाचित्रांत शोधला आणि नासाने तो पडताळून मान्य केला. सामान्य माणूस बोलला, संस्थेने तपासले. यावर कोणी म्हणेल, दुर्बीण परक्याची, सॉफ्टवेअर परक्याचे, म्हणजे शेवटी श्रद्धाच. विश्वास उरतो हे खरे. पण न्यायसूत्रे वेदांचे प्रामाण्य मांडतानाही अनुभवाला उतरलेल्या आयुर्वेदाचा आधार घेतात. आप्तावरचा, म्हणजे विश्वासार्ह सांगणाऱ्यावरचा, विश्वास पडताळ्यावर उभा राहतो. खुली छायाचित्रे हा पडताळा कोणालाही करू देतात.

अधिक अवघड आक्षेप अधिकाराचा आहे: हे ज्ञान कोणाच्या भाषेत खुले आहे? ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, तो संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी. आज अवकाशाची माहिती खुली असली, तरी तिच्या सूचना मुख्यतः इंग्रजीत असतात. सुरतेत लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली कुटुंबे राहतात, महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. तिथल्या मुलीला सरकता ठिपका ओळखायला इंग्रजी लागत नाही. तो नोंदवायला मात्र लागते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचे उत्तर इंटरनेट देऊ शकत नाही. ते मराठीत लिहिणाऱ्यांनी द्यायचे आहे.