जात्याचा दुसरा हात

दिवाळीच्या आसपास परभणी जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. सकाळच्या थंडीत बाया शेताकडं निघतात. कमरेला ओटी बांधलेली, हातात भाकरीचं गठुडं, एखादीच्या कडेवर लेकरू. पाणी मात्र बेतानंच प्यायलेलं असतं. रानात आडोसा नसतो, चारी बाजूंना माणसं असतात. मग तहान मारण्याचीच सवय लागते. संध्याकाळी वेचलेला कापूस काट्यावर चढतो आणि किलोप्रमाणे मजुरी हातात पडते. लघवीची जळजळ, ओटीपोटातली कळ, डोळ्यांपुढची अंधारी यांचा हिशेब त्यात कुठंच नसतो.

कामाचं ठिकाण म्हटलं, की आपल्याला कचेरी आठवते, फार तर कारखाना. या बाईचं कामाचं ठिकाण म्हणजे दोन धुऱ्यांमधलं रान. पाळीच्या दिवसांत ती तिथंच वाकून निंदते, पोटुशी असताना तिथंच वेचते आणि घरी परतल्यावर चूल पेटवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात पुरेसं रक्त नसल्याचं आढळलं. अंगात रक्त नाही आणि डोक्यावर ऊन आहे, अशा स्थितीत हे सगळं काम चाललेलं असतं.

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. पंढरपुरात दामाशेटींच्या घरी दळणकांडण, झाडलोट, शेणी वेचणं हे तिचं रोजचं काम. जनी दळायला बसली, की विठ्ठल येऊन जात्याचा खुंटा धरायचा, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. भक्तीची थोरवी म्हणून ती आपण ऐकली. आज ती कष्टाच्या बाजूनं ऐकून पाहू. थकलेल्या बाईजवळ देव आला, तेव्हा त्यानं तिच्या सोशिकपणाचं कौतुक केलं नाही, की तब्येतीला जप असं सांगून तो निघून गेला नाही. तो खाली बसला आणि जात्याला दुसरा हात लागला. ज्या बायांनी जातं ओढलं आहे, त्यांना विचारा, दुसरा हात लागला की छातीवरचा भार कसा उतरतो ते.

बाईच्या आरोग्याला आधार देणं याचा अर्थ मला या कथेत सापडतो. तिच्या कष्टाचं पीठ जो खातो, त्यानं खुंट्याला हात लावला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात हेच न्यायाच्या भाषेत मांडलं. कामगार बायांना बाळंतपणात भत्त्यासह विश्रांती देणारं विधेयक चर्चेला आलं होतं. आईला त्या काळात विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून सरकारनं भार उचलावा आणि बायांच्या श्रमातून ज्या मालकाचा फायदा होतो, त्यानंही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ साली देशाचा कायदा आला आणि २०१७ साली प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या रानात जाणाऱ्या मजूर बाईपर्यंत ही रजा पोचत नाही. कागदावर तिचा मालकच नाही, मग रजा द्यायची कुणी?

खुंटा कुणीच धरला नाही तर काय होतं, ते ऊसतोडीच्या फडात दिसतं. शेजारच्या बीडमधून आणि आपल्या गंगाखेड, पालमच्या डोंगरपट्ट्यातून जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला, की पैसे कापले जातात. बाई दुखण्यानं कोपीत पडली, तर दोघांचं काम अडतं. पाचटाशेजारच्या कोपीत ना न्हाणी, ना संडास. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांच्या गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पिशवी काढली, की दुखणंही गेलं आणि खाडाही गेला, असं त्यांच्या मनात भरवलं गेलं होतं. एका दिवसाची विश्रांती महाग पडते, म्हणून शरीराचा अवयव देऊन टाकायचा, हा हिशेब त्या बाईचा नव्हे. तिला कामाला लावणाऱ्या सगळ्या व्यवस्थेचा आहे.

हात लावायचा म्हटलं, तर वाटा आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतातल्या बायांचे कष्ट मोजून ते हलके करणाऱ्या अवजारांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. कापूस वेचताना खांद्यावर भार वाटून देणारा कोट, भेंडी तोडताना बोटं सोलू नयेत म्हणून हातमोजे, कमी जोरात कापणारा दातेरी विळा. वस्तू साध्या आहेत, पण त्या बाईच्या कंबरेचा आणि बोटांचा विचार करून केलेल्या आहेत. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानंही कामावर सावली, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचार पेटी ठरवून दिली. सहा वर्षांखालची पाच मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची, असंही सांगितलं. सरकारी कामावर जे हक्काचं मानलं, ते आपल्या रानात का असू नये?

म्हणून आज एवढंच करू या. आपल्या शेतावर बाया येणार असतील, तर धुऱ्याच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या कापडाचा आडोसा उभा करा. पाण्याची घागर सावलीत ठेवा. एखादी म्हणाली, की आज अंगात बळ नाही, तर तिला बसू द्या आणि तिची मजुरी कापू नका. आपल्याकडं दुकान असेल, शाळा असेल, कचेरी असेल, तर तिथल्या बायांसाठी न्हाणीघराला कडी आहे का, आत पाणी आहे का, एवढं आजच पाहा.

जनीच्या गावाच्या जिल्ह्यात राहतो आपण. कुणा बाईला एकटीनं जातं ओढू देणं आपल्याला शोभत नाही.